पोंभुर्ण्याचा अनुस्वार

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले असतील. धान निसवले होते, पावसाने पाय मागे घेतला होता, आणि मी ओसरीवर बाज टाकून वर्तमानपत्र चाळीत पडलो होतो. इतक्यात फाटकाशी दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. मायलेकी असाव्यात, हे चेहऱ्यांवरूनच कळत होते. आई पन्नाशीची, डोक्यावर पदर. मुलगी बाविशीची, हातात मोबाइल आणि खांद्याला शहरी पिशवी.

“गुरुजी, ओरखलं का जी?” आईने विचारले.

चेहरा मी ओळखला नव्हता. पण ‘ओळखलं’ऐवजी ‘ओरखलं’ हा शब्द कानांवर पडला मात्र, आणि चाळीस वर्षांवरचा एक वर्ग माझ्यापुढे उभा राहिला. त्या वर्गात मी एका पोरीला याच ‘र’साठी उभी केली होती.

वाचकहो, थोडा मागचा मजकूर सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मी मूळचा सातारकडचा. १९७४ साली पोंभुर्ण्याला शिक्षक म्हणून आलो तो कायमचाच. त्या वेळी हा भाग मोठ्या चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. माझ्याकडे इंग्रजी आणि मराठी असे दोन्ही विषय, आणि दोन्ही भाषांच्या शुद्धतेचा मक्ता आपल्याकडेच आहे अशी माझी त्या वयातली पक्की समजूत. १९८४ साली पाचवीच्या वर्गात एका अकरा वर्षांच्या मुलीला मी धडा वाचायला सांगितला. ‘काळा फळा’ असे शब्द होते. तिने वाचले, “कारा फरा.”

वर्ग हसला नाही. वर्गाला त्यात हसण्यासारखे काही वाटलेच नाही. घरोघर तसेच बोलत. हसलो तो मी एकटा. मग तिला फळ्यापाशी उभी करून ‘काळा फळा’ पन्नास वेळा म्हणायला लावले. आठदहा वेळा तिने ‘कारा फरा’ म्हटले आणि मग तोंड मिटून घेतले. ते वर्षभर. लेखी परीक्षेत पास झाली. पण माझ्या तासाला पुन्हा एक अक्षर मोठ्याने वाचले नाही. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झाले, आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. म्हणजे विसरलो असे मला वाटत होते.

तीच ही.

काम मुलीचे होते. मुलगी नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेऊन तेथेच एका रुग्णालयात नोकरीला लागलेली. तिला इंग्लंडला जायचे होते. तिकडच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नाव नोंदवायचे तर आयेल्ट्स किंवा ओईटी यांपैकी एक इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचणे, लिहिणे तिला जमत होते. बोलण्याचेही कसेबसे निभत होते. अडत होते ते ऐकण्यात. ध्वनिमुद्रित संभाषण एकदाच लावतात, आणि तेवढ्यात प्रश्नांची उत्तरे लिहायची.

“पोरीले समदं वाचता येते जी,” आई म्हणाली. “पन गोरे लोक बोलाले लागले का तिले काईच आयकू येत नाई.”

मुलीने मोबाइलवर सरावाचे एक संभाषण लावले. डॉक्टर परिचारिकेला औषधाचे प्रमाण सांगत होता. मुलीने लिहिले होते ‘पन्नास मिलिग्रॅम’. बरोबर उत्तर होते पंधरा.

मी तीनदा ऐकले. माझीही चूकच झाली असती. पंधरा आणि पन्नास! परीक्षेत एक गुण गेला तर गेला. पण खाटेवरच्या माणसाला पंधराऐवजी पन्नास गेले तर? मी वर्तमानपत्र घडी घालून ठेवले आणि मुलीला म्हटले, “बेटा, तुझ्या गावाचे नाव कागदावर लिही.”

तिने लिहिले, पोंभुर्णा.

“या टिंबाचा उच्चार काय?”

तिने दोनदा म्हणून पाहिले. “म् आहे, सर. पोम्भुर्णा.”

“आता चांदा म्हण.”

“न्. चान्दा.”

“अंधारी नदी?”

“न्.”

“वैनगंगा?”

येथे ती थबकली. तो ‘म्’ही नव्हता आणि ‘न्’ही नव्हता, जीभ मागे टाळूला लागून नाकातून निघणारा तो ‘ङ्’. टिंब एकच, पण पुढे ‘भ’ आला की ओठ आधीच मिटतात, ‘द’ आला की जीभ आधीच दातांकडे धावते, ‘ग’ आला की घशाकडे सरकते. आपल्या व्याकरणात याला परसवर्ण म्हणतात. पाणिनीने त्याचे सूत्र सांगितले त्याला दोन हजार वर्षे केव्हाच उलटून गेली. आणि ज्याने पाणिनीचे नावही ऐकले नाही असा आमचा गुराखी रोज ते सूत्र बिनचूक पाळतो.

आता मौज पाहा. इंग्रज मनुष्य नेमके हेच करतो, फक्त लिहून दाखवीत नाही. आपल्याकडे टिंब असल्यामुळे वाचणारा सावध तरी असतो. तो मात्र छापतो ‘टेन पाउंड्स’ आणि सहज बोलताना म्हणतो ‘टेम्पाउंड्स’. ‘हँडबॅग’मधला ‘ड’ गिळून, उरलेल्या ‘न’चा ‘म’ करून ‘हँबॅग’ म्हणतो. ‘ब्लड प्रेशर’ घाईत ‘ब्लब प्रेशर’ होते. ‘इनपेशंट’ म्हणजे रुग्णालयात दाखल झालेला माणूस. तो तोंडातून ‘इम्पेशंट’ असा बाहेर पडतो, आणि ‘इम्पेशंट’ म्हणजे उतावीळ! जोर पहिल्या अवयवावर आहे की दुसऱ्यावर एवढ्यावरून काय ते ओळखायचे. (दाखल झालेला प्रत्येक रोगी घरी जायला उतावीळच असतो, तेव्हा अर्थाचा फार घोटाळा होत नसावा.)

आता ते पंधरा. ‘फिफ्टीन’चा शेवटचा ‘न’ हाच आपला आधार. पण पुढे ‘मिलिग्रॅम’चा ‘म’ बसलेला! त्यामुळे डॉक्टरच्या तोंडून ‘फिफ्टीम्मिलिग्रॅम’ असे काहीतरी निघते. ‘न’ची वाट पाहत बसलेल्या मुलीला ‘न’ मिळत नाही, आणि ती बिचारी ‘फिफ्टी’ लिहून मोकळी होते. शाळेत आम्ही शिकवीत असू की ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी आणि ‘फिफ्टी’मध्ये आरंभी. तेही खरे, पण लगेच पुढे जोरदार आरंभाचा शब्द आला की ‘फिफ्टीन’चा जोर सरकून पुढच्या टोकाला जातो. म्हणजे ‘न’ही गेला आणि जोराची खूणही पुसट झाली. पोरीचा दोष काय?

ही विद्या मला कोणत्याही कॉलेजात मिळालेली नव्हती. ती मला रेडिओने दिली. १९७६च्या सुमारास मी एक ट्रँझिस्टर घेतला. पोंभुर्ण्याला तेव्हा संध्याकाळनंतर करमणूक म्हणजे रातकिड्यांची. लघुलहरींवर बीबीसी लागे. पहिले सहा महिने मला बातम्यांतली गावांची नावे तेवढी समजत. मी एम.ए.ला शेक्सपिअर वाचलेला माणूस! मग क्रिकेटचे समालोचन ऐकू लागलो. तेथे एक सोय होती: काय घडले असेल याचा अंदाज असे. ‘नॉट’ आणि ‘आउट’ असे दोन शब्द कोणी म्हणतच नव्हते. ‘नॉटाउट’ असा एकच शब्द येई. ‘गिव्ह हिम’चे ‘गिविम’, ‘नेक्स्ट डे’चे ‘नेक्स्डे’. ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणताना मध्ये कोठून तरी एक ‘र’ टपके आणि ‘लॉरनॉर्डर’ होई. लिहिण्यात नाव नाही अशा ठिकाणी इंग्रज ‘र’ घालतो. आणि त्याला कोणी फळ्यापाशी उभे करीत नाही! हा विचार मात्र मला त्या काळी शिवला नाही. मी इंग्रजांचा ‘र’ वहीत टिपून ठेवीत होतो आणि सकाळी शाळेत जाऊन झाडीच्या ‘र’ला शिक्षा करीत होतो.

डोळे उघडले ते फार उशिरा, आणि तेही एका वेगळ्याच वाटेने. ‘डिड यू’ याचे ‘डिज्यू’ आणि ‘डोंट यू’चे ‘डोंच्यू’ होते, हे वहीत लिहीत होतो. ‘द’वर्गीय अक्षरापुढे ‘य’ आला की ‘ज’, ‘त’वर्गीयापुढे आला की ‘च’. ‘सोल्जर’, ‘नेचर’ हे शब्द असेच घडलेले. एकदम मनात आले, अरे, हे तर आपल्या घरातलेच! संस्कृत ‘अद्य’, प्राकृत ‘अज्ज’, आपला ‘आज’. ‘नृत्य’, ‘नच्च’, ‘नाच’. ‘विद्युत्’, ‘विज्जु’, ‘वीज’. ‘सत्य’चे ‘सच्च’ होऊन हिंदीत ‘सच’ आणि जुन्या मराठीत ‘साच’. लंडनच्या बसमधला माणूस आज घाईत जे करतो तेच आपल्या पूर्वजांनी प्राकृत काळात करून ठेवले. फरक इतकाच की आपण ते लेखनात मान्य केले आणि इंग्रजाने केले नाही. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंगे गोठली. आणि नेमक्या त्याच शतकांत त्यांचे स्वर जागा सोडून निघाले होते. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्यातला आरंभीचा ‘क’ आणि मधला घशातला ‘ह’ एके काळी खरोखर उच्चारीत. आवाज गेला, अक्षरे राहिली. म्हणूनच आमच्या मुलांना स्पेलिंगे पाठ करावी लागतात.

आणि स्वतः ‘उच्चार’ हा शब्द? ‘उत्’ आणि ‘चार’. ‘त’ पुढच्या ‘च’ला शरण गेला आणि ‘उच्चार’ झाला. शुद्ध उच्चाराचा आग्रह धरणाऱ्याच्या तोंडचा पहिलाच शब्द असा ‘बिघडलेला’! या प्रकाराला आपण संधी म्हणतो, आणि इंग्रजीतल्या भाषाशास्त्रज्ञांनी हा शब्द आपल्याकडून जसाच्या तसा उचलला आहे. ‘सँधी’ म्हणतात ते त्याला.

नागपूरच्या मंडळींच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण देतो. आपले ‘नारिंग’ हे संस्कृत ‘नारङ्ग’. हा शब्द इराणी आणि अरबी लोकांच्या तोंडून युरोपात गेला. स्पेनमध्ये त्याचा ‘न’ शाबूत आहे. पुढे मात्र आधीच्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाच्या ‘न’मध्ये नारिंगाचा ‘न’ मिसळून गेला, आणि इंग्लंडला पोचेपर्यंत ‘ऑरेंज’ उरले. इंग्रजीत ‘एप्रन’चेही तेच: मूळचा ‘अ नेप्रन’, त्याचा ‘अन् एप्रन’ झाला. शब्दांच्या सीमा कागदावर असतात. तोंडाला त्या ठाऊक नसतात.

असो. मी काय सांगत होतो? ‘कारा फरा’.

संस्कृतात मूळ शब्द ‘फल’. आम्ही सातारकर-पुणेकरांनी दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ केला: फल-फळ, कमल-कमळ. झाडीपट्टीने त्याच जागी ‘र’ आणला. त्यांचा बिघाड आणि आमचे वळण, हा न्याय कोणत्या कोर्टाचा? ‘र’ आणि ‘ल’ यांत भेद मानू नये, असे तर संस्कृत पंडितच सांगून गेले आहेत. ‘पाणी’चीही तीच कथा. संस्कृत ‘पानीय’, त्याचे प्राकृतात ‘पाणिअ’, झाडीत ‘पानी’. झाडीतला हा ‘न’ थेट संस्कृतातून टिकून राहिला असे मी म्हणत नाही. पण ‘पानी’ म्हटले म्हणून छडी उगारणाऱ्याने निदान पानीय हा शब्द तरी आठवावा. मी आठवला नव्हता.

झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ हे वर्ण नाहीत, असे तिचे अभ्यासक सांगतात. भंडारा जिल्ह्यातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीसाठी आयुष्य वेचले. त्याच्या कितीतरी आधी ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. निरनिराळ्या बोलींत बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगवून घेऊन त्यांनी नमुने गोळा केले. पाहणी करणाऱ्यांनी लोक बोलतात तसे उतरवून घेतले. त्यांनी कोणाला शुद्ध करून बोलायला लावले नाही. दिवाळीनंतर इकडे मंडई भरतात, शंकरपट होत असत, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात. त्या नाटकांत विनोदी पात्र झाडीबोलीत बोलू लागले की हजार माणसे खदखदून हसतात. पण तो हशा आपल्या माणसाला दिलेला असतो. माझा हशा तसला नव्हता.

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. १९७५ साली ते रंगभूमीवर आले आणि भक्ती बर्व्यांनी गाजवले. मुलीचे उच्चार सुधारणाऱ्या त्या प्रोफेसराला पाहून आम्ही मास्तर लोक किती खूश झालो होतो! नाटकात बोलणी कोणाला बसतात हे पुन्हा पाहताना ध्यानात आले.

पण मुलीची अडचण सोडवायची होती. तीन दिवस मायलेकी येथे नातेवाइकांकडे राहिल्या, आणि रोज सकाळी ओसरीवर शाळा भरू लागली. मी तिला सांगितले, शब्द ऐकू नकोस, जोर ऐक. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला थोडाफार न्याय देतो. इंग्रज जोराच्या अक्षरावर सगळे खर्च करतो आणि बाकीच्यांना उपाशी ठेवतो. ‘कंफर्टेबल’चे ‘कम्फ्टबल’ करतो. आपणही ‘बोलणे’ लिहून ‘बोल्णे’ म्हणतोच. त्याने हा कारभार वाढवला आहे इतकेच. हळूहळू तिचा कान बसू लागला. ‘नेक्स्डोस’ ऐकून ती ‘नेक्स्ट डोस’ लिहू लागली. तरी पंधरा-पन्नास काही सुटेना.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच कोपऱ्यात मोबाइल कानाला लावून बसली होती. एकाएकी ओरडली, “सर, त्यात ‘ठ’ आहे!”

“कशात?”

“फिफ्टीनमध्ये. तो ‘फिफ्ठीन’ म्हणतो. फिफ्टीमध्ये नुसता ‘ट’ आहे. ‘न’ ऐकायचाच नाही, ‘ठ’ ऐकायचा!”

मी ऐकले. पुन्हा ऐकले. अगदी खरे होते. जोर असलेल्या अवयवाच्या आरंभी इंग्रज प, ट, क म्हणताना मागून श्वास सोडतो, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. ‘टीन’वर थोडा जोर राहतोच, म्हणून तेथे ‘ठ’ची छाया येते. पण इंग्रजाला स्वतःला हा फरक जाणवत नाही. त्याच्या भाषेत ट आणि ठ ही दोन अक्षरेच नाहीत. आपल्याला जाणवतो, कारण पाटी आणि पाठी यांतला फरक आपण आईच्या मांडीवर शिकतो. पन्नास वर्षे मी रेडिओ ऐकला आणि हा ‘ठ’ मला सापडला नाही; या पोरीला तीन दिवसांत सापडला. गंमत अशी की ‘स’पुढचा ‘ट’ इंग्रज अगदी कोरा उच्चारतो, आणि नेमके तेथे आम्ही ‘ठेसन’ म्हणतो. जेथे ठ आहे तेथे ट, आणि जेथे ट आहे तेथे ठ!

मी तिला बजावले की ही युक्ती परीक्षेपुरती. रोग्याच्या खाटेपाशी ऐकलेले प्रमाण परत म्हणून दाखवायचे आणि आकडे सुटे सांगायचे: ‘वन-फाइव्ह’. ती म्हणाली, “सर, ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय.” तेही बरे झाले.

आई इतका वेळ उंबऱ्याला टेकून ऐकत होती. मला भारी उमाळा आला. मी तिला म्हटले, “बाई, ‘गोंड’ म्हण पाहू.”

“गोंड.”

“पाहा, यातल्या टिंबाचा उच्चार ‘ण’ आहे. पुढे ‘ड’ आला म्हणून. झाडीत ‘ण’ नाही म्हणतात. पण तुझ्या तोंडात तो आहे, जन्मापासून आहे.”

तिने तो शब्द मनाशी पुन्हा म्हणून पाहिला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे विचारले, “मंग त्या दिवशी मले काऊन उभं ठेवलं होतं जी?”

तिला आठवत होते. फळा, धडा, पन्नास वेळा, सगळे.

“माझं चुकलं,” मी म्हणालो. अडतीस वर्षे मास्तरकी केली. हे वाक्य त्यात कधी उच्चारलेले नसल्यामुळे ते जरा अडखळतच बाहेर पडले.

ती काही बोलली नाही. पदर सावरून आत गेली, माझ्या घरच्या मंडळींबरोबर चहा करून घेऊन आली, आणि पहिला कप माझ्यापुढे ठेवला. दुपारच्या एस्टीने दोघी निघाल्या. मुलगी खिडकीशी बसून कानाला मोबाइल लावून मोकळी झाली होती. आई दाराच्या पायरीवरून वळली आणि म्हणाली, “येतो जी, गुरुजी. कारा फरा अजून हाये का जी साळेत?”

“नाही,” मी म्हटले, “आता पांढरा आलाय.”

ती मोठ्याने हसली. गाडी हलली.